लाली कोणी पुसली

आमच्या सा देक गावात भिंतींवर टांगलेल्या मेलेल्या पुरुषांपैकी निम्मे तरी एकाच निळ्या रेशमी झग्यात बसलेले आहेत. तो झगा साऊ थिएनच्या लग्नातला. माणूस जन्मभर बनियनवर होडी वल्हवो नाहीतर बाजारात मासे विको, देव्हाऱ्यात बसायची वेळ आली की साऊ थिएन कॉम्प्युटरवर त्याचं मुंडकं उचलून त्या झग्यावर अलगद बसवतो, कॉलर नीट करतो, आणि घरचे म्हणतात, "अगदी मंत्री दिसतात हो आमचे बाबा!" गावातल्या बायका थट्टा करतात की वर गेल्यावर यमाचा कारकून चक्रावत असेल, एवढे सगळे एकाच घरचे जावई कसे म्हणून.

साऊ म्हणजे सहावा. खरं तर तो आईचा पाचवा, पण आमच्याकडे थोरल्यालाच दुसरा म्हणतात. पहिल्या पोरावर वाईट शक्तींचा डोळा असतो, म्हणून पहिला कोणी नाहीच असं भासवायचं. मरणाला आकड्यांत फसवू पाहणाऱ्या या गावात साऊ थिएनचा धंदा चालावा यात नवल नाही.

पोरसवदा असताना तो म्हाताऱ्या चित्रकाराकडे काम शिकायला आला. त्या काळी मेलेल्यांची चित्रं काजळीच्या भुकटीत कुंचला बुडवून हाताने काढायची असत. काम शिकता शिकता त्याने म्हाताऱ्याची धाकटी मुलगीही पटकावली. तिचं नाव उत, म्हणजे शेंडेफळ. थिएन घरजावई झाला आणि सासऱ्याच्या पश्चात दुकानाचा मालक. दुकानाबरोबर सासऱ्याने त्याला एक नियमही देऊन ठेवला होता.

आमच्याकडे साठी झाली की माणूस जिवंतपणीच आपला देव्हाऱ्यातला फोटो करून घेतो. त्यात वाईट काही नाही, उलट त्याने आयुष्य वाढतं म्हणतात. तो फोटो लाल कागदात गुंडाळून कपाटावर ठेवतात. माणूस जिवंत असेपर्यंत त्या फोटोतल्या ओठांवर आणि गालांवर लाली असलीच पाहिजे. माणूस गेला की घरचे निरोप देतात, मग लाली पुसायची, चेहरा करडा करायचा आणि फोटो उदबत्तीपुढे मांडायचा. सासरा बजावायचा, "श्वास चालू असताना लाली पुसशील तर तो श्वास तूच ओढून नेलास असं समज." म्हाताऱ्याने हे इतक्यांदा सांगितलं होतं की थिएनला स्वप्नातसुद्धा करडा ओठ दिसला तर दचकून जाग येई.

पुढे कुंचला गेला, कॉम्प्युटर आला, मोठा प्रिंटर आला. आता लाल चेहरे फाइलीत राहत, माणूस गेला की तिथेच लाली पुसून करडा कागद छापायचा. प्रिंटरबरोबर आणखी एक पाहुणा आला. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, तीन रंगांचं एक चिमुकलं वर्तुळ. ते काय करतं ते थिएनला माहीत नव्हतं. विंडोज सुरू झालं की तेही उठून बसे आणि फोटो उघडला की एकदा लुकलुके. थिएनची पद्धत मात्र जुनीच राहिली. छापलेला प्रत्येक कागद तो पडद्याशेजारी धरून बघायचा. कागदातला चेहरा आणि पडद्यातला चेहरा जुळले तर ठीक, नाहीतर कागद फाडायचा. गावात त्याच्याइतकं चेहऱ्याच्या रंगाकडे कोणी बघत नसेल.

दुकानाची बाकीची कामं उतकडे. रोज सकाळी थिएन नदीकाठच्या टपरीवर बर्फातली कॉफी प्यायला आणि बुद्धिबळाचे पट मांडायला जाई. तेवढ्या वेळात ती दुकान उघडी, जमिनीवरच्या छोट्या देव्हाऱ्यातल्या भूमिदेवाला काळी कॉफी ठेवी, पावत्या टाइप करी. दुपारी आटवलेल्या दुधाचे डबे आणि संत्री घेऊन गावातल्या आजाऱ्यांना भेटायला जाई. कोणाच्या पायाला सूज आली, कोणाला रात्री धाप लागते, हे डॉक्टरच्या आधी उतला कळे.

पावसाळा सरताना चिन बेनची सून दुकानात आली. चिन बेन म्हणजे होड्या बांधणारा, नदीच्या पल्याडचा. सून म्हणाली, "साऊ काका, बाबांचा फोटो आहे ना तुमच्याकडे? देव न करो, पण असलेला बरा."

थिएनने फाइल उघडली. कोपऱ्यातलं वर्तुळ लुकलुकलं आणि पडद्यावर चिन बेन आला, ओठांसकट करडा.

ही लाली त्याने स्वतः, हाताने भरलेली होती. दुसरी फाइल उघडली गेली असेल म्हणून त्याने शोधलं, पण एकच होती. सुनेला काही न दाखवता तो म्हणाला, "उद्या ये पोरी, आज मशीन कुरकुर करतंय." दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टपरीवर बसला असताना नदीपलीकडून मयताचा ढोल आणि सनई वाजायला लागली. टपरीवाल्याने पाण्याकडे बघून म्हटलं, "चिन बेन गेला वाटतं."

योगायोग म्हणून त्याने ते गिळलं. पण मग टोफू विकणाऱ्या ताम आजीची पाळी आली. आजी ठणठणीत, निदान थिएनच्या लेखी तरी. सकाळी तिची हाक गल्लीत घुमायची. तिच्या नातवाला वाढदिवसासाठी तिचा फोटो हवा होता म्हणून थिएनने फाइल उघडली, तर आजी करडी. त्याने झटकन बंद केली आणि परत उघडली, पुन्हा वर्तुळ लुकलुकलं आणि पुन्हा करडी. आठवडा उलटायच्या आत गल्लीतली हाक बंद पडली.

तिसरे थाक गुरुजी. त्यांची फाइल थिएनने स्वतःहून, भीत भीत उघडली, कारण गुरुजी बरेच दिवस टपरीवर आले नव्हते. करडे. आता मात्र त्याने फाइल पेनड्राइव्हवर घेतली, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिथल्या मशीनवर उघडली, आणि काय आश्चर्य, गुरुजींच्या ओठांवर छान लाली! थिएनला इतकं हायसं वाटलं की त्याने झेरॉक्सवाल्याला केळं दिलं. घरी येऊन तोच पेनड्राइव्ह बाजूला ठेवून आपली फाइल उघडली, तर गुरुजी पुन्हा करडे. म्हणजे फोटो धडधाकट होता, आणि फक्त याच्या घरात, याच्या पडद्यावर, माणूस आधीच मेलेला होता. गुरुजींचं हे दुखणं शेवटचं, असं उत म्हणाली होती. ते त्या दुखण्यातून उठले नाहीत.

त्यानंतर दिवस कलला की थिएन कॉम्प्युटरवर फडकं टाकू लागला. संध्याकाळी दुकानात एक वेगळाच उजेड येई. भिंतीवरचे नमुन्याचे चेहरे, सगळे त्याच्याच झग्यात बसलेले, समोर बघत. फडक्याखालून पंख्याची घरघर ऐकू येई, आणि थिएनला वाटे, आत ते वर्तुळ जागंच आहे, कोणाचा तरी चेहरा चाळत बसलंय.

"पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं काय फडकं टाकता?" उत हसायची. "झोपतो का तो?"

"चेष्टा करू नकोस. या यंत्राला कोण जाणार ते कळतं."

"मग लॉटरीचा आकडा विचारा त्याला, म्हातारबुवा. यंत्र जुनं झालंय, दुसरं काय." एवढं बोलून ती मागच्या दारी निघून गेली.

थिएनच्या पोटात गोष्ट राहत नाही. टपरीवर त्याने ती सांगितली, आणि सांगितलेली गोष्ट नदीच्या पाण्यासारखी गावभर झाली. म्हातारे लोक दुकानासमोरून जाताना पलीकडच्या कडेने जाऊ लागले. एक बाई उंबऱ्याबाहेर उभी राहून, पाठ फिरवून विचारायची, "साऊ, माझा रंग कसा आहे? नको, नको, सांगू नकोस!" आणि पळायची. बुद्धिबळातला जोडीदार मुओय रो तेवढा छाती काढून आला. म्हणाला, "दाखव माझा. मेलेलो असलो तर कॉफीची उधारी बुडाली समज." थिएनने फाइल उघडली. मुओयचे ओठ नवरीसारखे लालबुंद. मुओयने त्या दिवशी अख्ख्या टपरीला कॉफी पाजली आणि डाव हरला तरी गाणं म्हणत घरी गेला.

मुओय गेल्यावर थिएनला धीर आला. त्याने आपली स्वतःची फाइल उघडली. लाल. चांगला लठ्ठ, लाल, थोडासा मूर्ख दिसणारा साऊ थिएन. तो खुदकन हसला, आणि त्या हसण्याच्या भरातच, काही विचार न करता, शेजारची फाइल उघडली. ती उतची होती. गेल्याच वर्षी तिची साठी झाली, तेव्हा जांभळा झगा घालून ती उन्हात बसली होती आणि त्याने दहादा तिला मान वाकडी करायला सांगितलं होतं म्हणून चिडली होती.

वर्तुळ लुकलुकलं. उत करडी होती.

आतल्या खोलीत ती भांडी लावत होती, ताटल्यांचा आवाज येत होता. थिएन तो आवाज ऐकत बसला. ताटली ठेवली, की पुढची ताटली ठेवली जाईपर्यंत त्याचा श्वास अडकायचा. तिला हाक मारावी असं त्याला वाटलं, पण हाक मारली आणि ओ आली नाही तर, या भीतीने त्याने हाकच मारली नाही. तो मनापासून घाबरला होता. एवढा तो सासरा मेला तेव्हा घाबरला नव्हता, पुरात घरात पाणी शिरलं तेव्हाही नाही.

त्याने तिला काही सांगितलं नाही. अशा गोष्टी बोलल्या की खऱ्या होतात. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात चुलीचा देव वर स्वर्गात घराची खबर द्यायला जातो, त्या दिवशी थिएनने त्याच्यापुढे नेहमीपेक्षा दुप्पट तिळाची चिक्की ठेवली. कागदाचा घोडा आणि कागदाचा बगळा जाळताना तो पुटपुटला, "आमच्या घराबद्दल काही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, त्या घरात उत नावाचं कोणी राहत नाही." उत मागे उभी होती. म्हणाली, "एवढी चिक्की? देवाचे दात पडायचे." तिने स्वतः त्यातला तुकडा घेतला नाही. चिक्की तिची आवडती, पण थिएनच्या ते ध्यानात आलं नाही. तो तिच्याकडे बघायलाच भीत होता.

शेवटी देवापेक्षा कॉम्प्युटरवाली बरी, असं ठरवून त्याने मशीनचा डबा मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधला. "पंखा आवाज करतोय," असं उतला सांगितलं आणि बाजारामागच्या दिएपच्या दुकानात गेला.

दिएप चाळिशीची, तोंडाची फटकळ आणि हाताची चलाख. तांदळाच्या शेवयांचा वाडगा एका हातात धरून ती दुसऱ्या हाताने कॉम्प्युटर उघडायची.

"या साऊ काका. हाच का तो यमदूत? मला वाटलं तुम्ही मांत्रिकाकडे न्याल, वाट चुकलात वाटतं."

"दिएप, हसू नकोस. कोपऱ्यातलं ते वर्तुळ बघ. ते मी घातलेलं नाही. ते रात्रंदिवस आत काहीतरी करत असतं. विषाणू आहे का काय आहे ते सांग. घातक असेल तर उपटून टाक."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाडगा बाजूला ठेवला. मशीन लावलं, आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी उघडली आणि त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं. "हा बघा तुमचा पाहुणा. रंगांचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. पडद्याआडून रंग सांभाळतो. आता याचं घर कुठंय ते बघू, कारण चोर असला तर तो भलत्याच फोल्डरमध्ये लपून बसतो आणि नाव मात्र सभ्य माणसाचं लावतो." तिने शोधलं. तो प्रिंटरच्याच फोल्डरमध्ये, जिथे असायला हवा तिथे होता. प्रिंटर बसवला त्याच दिवशी आलेला. मग तिने त्याच्या अंगावरची कंपनीची सही तपासली. सही खरी होती, आणि सही झाल्यानंतर फाइलला कोणी हात लावलेला नव्हता. तिने विषाणू शोधणारा प्रोग्राम फिरवला, मग तीच फाइल इंटरनेटवर अशा ठिकाणी पाठवली जिथे अनेक कंपन्यांचे शोधक एकदम तपासतात. एकानेही नाक मुरडलं नाही. तेवढ्याने थिएनचं समाधान होईना, म्हणून तिने इंटरनेटची तार काढली आणि म्हणाली, "आता बाहेरचं कोणी यात हात घालू शकत नाही. उघडा तुमचा करडा माणूस."

थिएनने थाक गुरुजी उघडले. वर्तुळ लुकलुकलं. करडे.

"बघ! बघ!"

"ओरडू नका, शेजारचे जमतील. काका, भुताला कंपनीची सही नसते. हा ड्रायव्हर सज्जन आहे, काही धोका नाही."

"मग लाली कोण पुसतं?"

दिएपने आपल्या मांजराचा फोटो त्याच्या मशीनवर घेतला. कोपऱ्यातल्या वर्तुळावर दाबलं, एक छोटी चौकट उघडली, त्यात करडा रंग निवडला. चौकटीने विचारलं, हा फोटो कायम असाच दाखवायचा का? तिने 'हो' दाबलं. पिवळं मांजर राखेसारखं झालं. फोटो बंद करून उघडला, तरी तसंच.

"फोटो आतून पिवळाच आहे," ती म्हणाली. "याने फक्त दाखवताना आणि छापताना वरून पडदा टाकला, आणि पडदा टाकायचा हे या मशीनला लक्षात राहिलं. म्हणून झेरॉक्सवाल्याकडे तुमचे गुरुजी लाल दिसले. याला स्वतःची अक्कल नाही काका. हा आपणहून कोणाची लाली पुसत नाही. कोणीतरी या खुर्चीत बसून त्याला 'हो' म्हणावं लागतं. प्रत्येक चेहऱ्यासाठी वेगळं. तुमच्याकडे मशीनवर कोण कोण बसतं?"

थिएनने खाली पडलेली दोरी उचलली.

"काढून टाकू का याला?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. त्याची काही चूक नाही."

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना फुलांचे मळे. वर्षअखेरीचा हंगाम, पाण्यावर उभारलेल्या मांडवांवर पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या, होड्या भरून निघालेल्या. त्याला रंग दिसत होते आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. सगळ्या गावात उतच ती एक होती जी असं करणार नाही, असं त्याने धरून ठेवलं होतं. नियम तिच्या बापाचा. लहानपणी काजळीच्या डब्याला हात लावला म्हणून तिने बापाचा मार खाल्लेला. ती पुसेल? पण चिन बेनकडे ती दुधाचा डबा घेऊन गेली होती. ताम आजीच्या छातीत पाणी झालंय हे ती एकदा जेवताना पुटपुटली होती, आणि हा त्या वेळी मासा निवडत होता. गुरुजींचं दुखणंही तिनेच सांगितलेलं. तिला आधीच ठाऊक होतं कोण जाणार ते. इथवर विचार आला आणि पुढचा विचार त्याने येऊ दिला नाही. मोटरसायकल जोरात हाणली.

उत मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर परात, परातीत नव्या वर्षाच्या लोणच्यासाठी इवले पांढरे कांदे. ती एकेक सोलून टाकत होती.

"झाला पंखा नीट?"

"पंखा नीटच होता." त्याने डबा टेबलावर ठेवला, तारा लावल्या, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "चिन बेनची लाली तू पुसलीस?"

सुरी थांबली.

"पुसली नाही. झाकली." तिने खालीच बघून सांगितलं. "आतली लाली तशीच आहे. वरून पांघरूण घातलं फक्त. बाबांचा नियम मी मोडला नाही."

"पण का?"

"का म्हणजे? माणूस जातो, घरात रडारड, आणि तुम्ही इथे लाली पुसायला बसता ते सकाळची संध्याकाळ करता. हात थरथरतो तुमचा. तिकडे उदबत्ती रिकाम्या चौकटीपुढे जळते, पाहुणे रिकाम्या चौकटीला नमस्कार करतात. मला बघवत नाही ते. जे जाणारच असं कळलं, त्यांचं मी आधी करून ठेवलं. तुम्ही उघडलं की तयार. मग तुम्ही गावभर बोंब ठोकलीत यंत्राला कळतं म्हणून. म्हटलं, जाऊ दे, यंत्रावर आळ आला तर बिचारं रडणार तर नाही."

आता विचारणं भाग होतं.

"आणि तुझी स्वतःची?"

उतने परातीतला एक कांदा उचलला, सोलला, आणि सोलत राहिली, त्याचं काही उरेना तोवर.

"ती उघडायचं काय कारण होतं तुम्हाला?" तिचा आवाज बारीक झाला. "ती उघडायची नव्हती इतक्यात."

मग तिने सांगितलं. पोटात गाठ आहे. कान थो शहरातल्या इस्पितळात ती एकटी जाऊन आली होती, भाचीकडे जाते म्हणून सांगून. डॉक्टरने तिची पापणी खाली ओढून बघितलं आणि म्हणाला, इथे लालसर दिसायला हवं, काहीच नाही, आतल्या आत रक्त जातंय. लगेच कापायला हवं. वाचण्याची आशा आहे, पण उशीर केला नाही तरच. आणि तिने त्याला सांगितलं, नवीन वर्ष होऊ द्या, आमच्या दुकानाचा हंगाम आहे, लोकांचे देव्हारे अडून राहतील.

"आणि समजा ऑपरेशनच्या टेबलावरच काही झालं," ती म्हणाली, "तर तुमच्याच्याने माझी लाली पुसवली गेली नसती. मी ओळखते तुम्हाला. आठ दिवस बसला असता तिथे. मला रिकाम्या चौकटीत टांगून ठेवलं असतंत. म्हणून मीच 'हो' म्हणून टाकलं."

थिएन टेबलाशी जाऊन बसला. तिची फाइल उघडली, कोपऱ्यातल्या वर्तुळावर दाबलं, आणि दिएपने दाखवली होती ती चौकट शोधून 'नाही' म्हटलं. पडद्यावर उतचे ओठ लाल झाले, गालांवर ऊन आलं, मान वाकडी करायला सांगितल्याचा रागसुद्धा परत आला.

"अगबाई," मागून उत म्हणाली, "बरी झाले की मी!"

तो हसला नाही. "इकडे ये," म्हणाला. "इथे उभी राहा. उजेडात."

ती आली. त्याने तिला पडद्याशेजारी उभं केलं, कागद धरायचा तसं तिचं तोंड हनुवटीला धरून दाराच्या उजेडाकडे वळवलं, आणि पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. रोज रोज चेहरे जुळवणारा माणूस, आणि समोर जेवायला बसणारा हा चेहरा त्याने किती महिने बघितलाच नव्हता. ओठ कागदासारखे. पापणीच्या आत काही नाही. दोन्ही चेहरे जुळत नव्हते.

"मी बघायला हवं होतं," तो म्हणाला. "मी."

"तुम्ही मशीन बघत होता."

त्याने बाह्यांनी डोळे पुसले. "कपडे भर. पहाटेच्या गाडीने कान थो."

"वेड लागलंय का? परवावर सण आलाय. एवढे फोटो पडलेत. लोक शिव्या देतील."

"मेलेल्यांना कसली घाई आहे, उत?"

ती मागच्या पायरीकडे गेली. परात उचलायला वाकली, तर त्याने ती तिच्या हातातून घेतली आणि उरलेले कांदे स्वतः सोलायला बसला. त्याला ते काम येत नव्हतं, अर्धे कांदे तो सालीबरोबरच टाकून देत होता. आत टेबलावर पडदा चालूच राहिला होता, त्याच्यावर फडकं टाकायचं त्या संध्याकाळी कोणाच्याही लक्षात आलं नाही.